बाटली हलली की फुटली : सुटीवरून परतताना दारू सुखरूप घरी आणण्याची रीत

बेल्टवर माझी सुटकेस दिसायच्या आधी तिचा वास आला. शेजारी उभे असलेले दोघं नाक वर करून इकडेतिकडे बघायला लागले आणि मी मनातल्या मनात म्हटलं, ही आपलीच. घरी येऊन बाथरूममध्ये बॅग उघडली. तीन बाटल्यांपैकी दोन धडधाकट, तिसरीची मान खांद्यापासून तुटलेली आणि एका पांढऱ्या शर्टाचा रेड वाइनने नकाशा केलेला. वाईट याचं वाटलं की मी काही हलगर्जीपणा केला नव्हता. तिन्ही बाटल्या जाड टॉवेलांत गुंडाळल्या होत्या. पण बॅग जेमतेम अर्धी भरलेली होती. प्रवासभर ती कितीदा तरी आडवी झाली, उभी झाली, आपटली गेली. दर वेळी बाटल्या आतल्या आत घरंगळल्या, टॉवेल सैल होत गेले आणि शेवटी काचेवर काच बसली.

मऊ गुंडाळणं हे अर्धंच काम. उरलेलं अर्धं, आणि माझ्या मते जास्त मोलाचं, म्हणजे बाटलीला हलायला जागा न देणं. पुढे जे सांगतोय ते बरंचसं याच एका गोष्टीभोवती फिरतं. पहिल्यांदाच विमानातून बाटल्या आणणार असाल तर सुरुवात मात्र बॅगेपासून नाही, दुकानापासून करायची.

दुकानातच लेबल वाचा

बाटली हातात घेतली की किमतीच्या आधी अल्कोहोलची टक्केवारी बघा. विमानात काय चालतं आणि काय नाही हे त्या आकड्यावर ठरतं. दारू ज्वलनशील, म्हणून ती धोकादायक मालाच्या आंतरराष्ट्रीय नियमांत येते. हे नियम बहुतेक सगळ्या विमान कंपन्या पाळतात, त्यामुळे देश बदलला तरी आकडे साधारण तेच राहतात.

२४ टक्के किंवा त्याहून कमी असेल तर विमानाच्या सुरक्षेच्या दृष्टीने प्रमाणाची मर्यादा नाही. बिअर, वाइन, शॅम्पेन, साके, शेरी, पोर्ट हे सगळे यात बसतात. २४ च्या वर आणि ७० पर्यंत, म्हणजे व्हिस्की, रम, जिन, व्होडका, टकिला, ब्रँडी वगैरे, माणशी एकूण ५ लिटर. चेक-इन बॅगेतली आणि हातातली मिळून ५, वेगवेगळी नाही. आणि ७० च्या वर असेल तर विषयच संपला, ना केबिनमध्ये ना खालच्या बॅगेत.

५ लिटरचा हिशोब बाटल्यांत मांडून ठेवा, कारण दुकानात उभं असताना डोकं चालत नाही. ७०० मिलीच्या सात बाटल्या म्हणजे ४.९ लिटर, बसतात. ७५० मिलीच्या मात्र सहाच बसतात, सातवी घेतली की ५.२५ होतात. एक लिटरच्या सरळ पाच.

७० टक्क्यांची अट बहुतेकांना लागू पडत नाही, पण सुटीत माणूस नेमकं काहीतरी वेगळं शोधत असतो आणि तिथे फसतो. काही अ‍ॅबसिंथ सत्तरीच्या वर असतात. १५१ प्रूफची रम ७५.५ टक्क्यांची असते. लेबलवर अमेरिकन पद्धतीचं प्रूफ असेल तर त्याचं निम्मं करा, ती टक्केवारी. म्हणजे १४० प्रूफ ही शेवटची रेघ. पाणी न मिसळता थेट पिंपातून भरलेली कास्क स्ट्रेंग्थ व्हिस्की कितीही तिखट वाटली तरी सहसा ५५ ते ६५ च्या दरम्यान असते, तिची चिंता नको.

आणखी एक अट लोक विसरतात. २४ ते ७० टक्क्यांची दारू कंपनीच्या मूळ, विक्रीसाठीच्या पॅकिंगमध्येच हवी. मुक्कामाच्या ठिकाणी कुणी मायेने साध्या बाटलीत भरून दिलेली घरची दारू विमानात चालत नाही, त्यात किती टक्के काय आहे हे कुणालाच सांगता येत नाही. आदल्या रात्री उघडलेली, पाऊण उरलेली व्हिस्कीही आणू नका. ती तिथेच कुणाला तरी देऊन टाका, तेवढेच आशीर्वाद मिळतील.

टक्केवारी पाहून झाली की बाटलीचा आकार बघा. सरळ खांद्याची, जाड तळाची, फिरकीच्या झाकणाची बाटली प्रवासाला सर्वांत चांगली. लांब बारीक मानेची, कवटीच्या नाहीतर गिटारच्या आकाराची, काचेच्या गोल बुचाची बाटली शोकेसमध्ये देखणी दिसते आणि बॅगेत डोकेदुखी होते. प्लास्टिकच्या टोपीखाली छोटं बूच असतं ना, व्हिस्की-टकिलाच्या बाटल्यांना असतं तसं, ते तर वरचं सील उघडलं गेलं की सहज सैल पडतं. एकच दारू दोन बाटल्यांत मिळत असेल तर मी कुरूप बाटली घेतो.

आणायच्या किती, हे कस्टम्स ठरवतं

विमानात चालणं आणि देशात चालणं या दोन वेगळ्या गोष्टी. विमान कंपनी ५ लिटर न्यायला हरकत घेणार नाही, पण उतरल्यावर कस्टम्सचा आकडा वेगळा असतो आणि प्रत्येक देशाचा आपला असतो. अमेरिकेत ड्युटी न भरता साधारण १ लिटर, तेही वय २१ पूर्ण असेल तर. ऑस्ट्रेलियात १८ वर्षांवरच्या माणसाला २.२५ लिटर. युरोपियन युनियनमध्ये बाहेरच्या देशातून येताना २२ टक्क्यांवरची १ लिटर किंवा त्याखालची २ लिटर, शिवाय साधी, म्हणजे न फसफसणारी वाइन ४ लिटर आणि बिअर १६ लिटर. ब्रिटन सढळ आहे, स्पिरिट म्हणजे व्हिस्की-रमसारखी कडक दारू ४ लिटर, साधी वाइन १८ लिटर, बिअर ४२ लिटर. पण तिथे एक मेख आहे. एखाद्या प्रकारात मर्यादा ओलांडली तर फक्त वरच्या बाटलीवर नाही, त्या प्रकारातल्या सगळ्या मालावर कर बसतो. पाचव्या लिटरच्या मोहात पहिले चारही महाग पडतात.

तुम्ही ज्या देशात उतरणार तिथल्या कस्टम्सच्या अधिकृत साइटवर खरेदीच्या आधी एकदा बघा, हे आकडे बदलत असतात. बिलं जपून ठेवा, किंमत दाखवायला तीच लागतात. जास्त आणली असेल तर स्वतःहून सांगा. ड्युटी भरून बाटली घरी येते, लपवून सापडली तर बाटलीही जाते आणि दंडही बसतो.

परतीच्या वाटेवर मध्ये दुसऱ्या देशात दोन-चार दिवस थांबणार असाल तर तिथलाही नियम बघा. मालदीवमध्ये पर्यटकाला बाहेरून दारू आणता येत नाही. सौदी अरेबिया आणि कुवेतमध्ये तर तसा विचारसुद्धा करू नये. विमानातून उतरून बॅग ताब्यात घेतली की तुम्ही त्या देशात दारू घेऊन शिरताय असाच अर्थ होतो.

वरची बॅग की खालची

केबिन बॅगेत १०० मिलीपेक्षा मोठी द्रवाची बाटली चालत नाही, आणि अशा छोट्या बाटल्या सगळ्या मिळून एक लिटरच्या पारदर्शक पिशवीत बसाव्या लागतात. २००६ सालच्या द्रव-स्फोटकांच्या कटानंतर हा नियम जगभर रुळला. काही विमानतळांवर नवे स्कॅनर आल्यामुळे तो आता सैल झाला आहे, पण तुमच्या जाण्याच्या विमानतळावर सैल होता म्हणून परतीच्या विमानतळावरही असेल असं नाही. परतीच्या सिक्युरिटीत बाटली अडली तर तिथेच सोडावी लागते.

५० मिलीच्या छोट्या बाटल्या मात्र केबिनमधून नेता येतात. बक्षीस द्यायला त्या झकास. फक्त विमानात उघडून पिऊ नका, स्वतः आणलेली दारू विमानात प्यायला मनाई असते.

मोठी बाटली म्हणजे चेक-इन बॅग, हे ठरलेलं. याला अपवाद एकच, सिक्युरिटीच्या पलीकडच्या ड्युटी फ्री दुकानात घेतलेली बाटली. तिथे ती खास सीलबंद पारदर्शक पिशवीत देतात, आत बिल दिसेल असं ठेवून. ही पिशवी घरी पोचेपर्यंत उघडायची नाही. सरळ एकच विमान असेल तर यासारखा सोपा मार्ग नाही.

विमान बदलायचं असेल तर मात्र थांबून विचार करा. मधल्या विमानतळावर पुन्हा सिक्युरिटी असेल तर तिथला माणूस सील, बिल आणि तारीख बघतो, आणि एखाद्या ठिकाणी तेवढ्यानेही भागत नाही. त्यातही जिथे पहिल्या विमानतळावरच बॅग ताब्यात घेऊन कस्टम्स ओलांडायचं आणि मग देशांतर्गत विमान पकडायचं असतं, तिथे ड्युटी फ्रीची बाटली पुढच्या सिक्युरिटीआधी चेक-इन बॅगेत टाकणं शहाणपणाचं. म्हणून मी अशा प्रवासात सुटकेसमध्ये एका बाटलीपुरती जागा आणि एक बबल रॅपचा तुकडा राखून ठेवतो. बॅग पुन्हा सोडायच्या आधी तिथेच जमिनीवर बसून ती गुंडाळायची. लोक बघतात, बघू द्यावं.

दाबाने बाटली फुटते का

हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. नाही फुटत. सामान ठेवतात तो विमानाचा खालचा भागही हवेच्या दाबाखाली असतो, वर प्रवासी बसतात साधारण तसाच. उंचीवर असताना आतला दाब सुमारे ८,००० फूट उंचीच्या डोंगरावर असतो तितका किंवा त्याहून थोडा जास्त असतो, म्हणजे जमिनीवरच्या दाबाच्या तीन-चतुर्थांश. हा फरक काचेला काहीच नाही. शॅम्पेनच्या बाटलीत मुळातच ५ ते ६ वातावरणांचा दाब असतो, तिला या पाव वातावरणाने काय होणार.

पण हाच पाव वातावरण सैल झाकणाला पुरतो. बाटलीतल्या द्रवावर थोडी हवा अडकलेली असते. बाहेरचा दाब कमी झाला की ती फुगते. बाटली आडवी असेल तर हवा बाजूला आणि दारू झाकणापाशी असते, मग फुगणारी हवा दारूलाच बाहेर ढकलते. उन्हातही हेच होतं. विमानतळावर बॅगांची गाडी कडक उन्हात उभी राहिली की आतला द्रव तापून प्रसरण पावतो. काठोकाठ भरलेल्या वाइनच्या बाटलीत त्याला जागा नसते आणि तो बुचाला वर लोटतो. थोडक्यात, फुटण्याची कारणं धक्का आणि घर्षण, गळण्याची कारणं दाब आणि ऊन. दोन्हींचे इलाज वेगळे आहेत आणि दोन्ही करावे लागतात.

काय काय जवळ हवं

निघतानाच बॅगेच्या तळाशी टाकून ठेवायच्या गोष्टी : चार-पाच मोठ्या झिपलॉक पिशव्या, दोन-तीन मीटर बबल रॅप गुंडाळी करून, इलेक्ट्रिशियन वापरतात ती ताणली जाणारी काळी टेप, थोडी क्लिंग फिल्म (अन्न झाकायला वापरतात ते पातळ, चिकटणारं प्लास्टिक) आणि लहान बाळाचे दोन-तीन डायपर. डायपरवर हसू नका. सांडलेलं शोषून धरायला एवढ्या जागेत मावणारी याहून चांगली वस्तू मला सापडलेली नाही.

बाटलीसाठी तयार पिशव्याही मिळतात, आत बबल रॅप आणि बाहेर जाड प्लास्टिक, तोंडाला चिकटणारी दुहेरी पट्टी. चांगल्या असतात. पण त्यावर डोळे मिटून विसंबू नका. त्या गळती अडवतात, धक्का फारसा अडवत नाहीत. हवा भरून फुगवायच्या पिशव्या धक्का चांगला झेलतात, मात्र एखादा कप्पा फुसका निघाला की तिथली काच उघडी पडते. मी अजून मोजे-शर्टांवरच आहे. ते सोबत असतातच आणि परतीच्या वेळी तसेही धुवायचेच असतात.

एक बाटली बांधणं

आता खरं काम. हॉटेलच्या पलंगावर एकच बाटली समोर घ्या, सगळ्या एकदम नकोत.

झाकण हाताने घट्ट आहे ना बघा. बाटली उलटी करून अर्धा मिनिट धरा, झाकणाच्या कडेला बोट फिरवा. ओलसर लागलं तर ती बाटली इथेच प्या. कोरडी असेल तर झाकण आणि मानेच्या सांध्यावर क्लिंग फिल्मचे दोन-तीन वेढे द्या आणि वरून ती काळी टेप ताणून ताणून गुंडाळा. ताणल्यामुळे ती स्वतःच आवळत राहते. टेपचं शेवटचं टोक एक सेंटिमीटर आत दुमडून ठेवा, नाहीतर घरी नखाने खरवडत बसाल. शॅम्पेनच्या तारेच्या जाळीला हात लावू नका. ती जशी आहे तशीच सर्वांत सुरक्षित आहे, वरून फक्त फिल्म गुंडाळा.

पुढे मान. पहिल्याच प्रवासात हे कळलं असतं तर माझा शर्ट वाचला असता. बाटलीचं पोट जाड, मान बारीक. आपण वरून टॉवेल गुंडाळतो तेव्हा पोटाभोवती तो घट्ट बसतो, मानेभोवती मात्र पोकळी राहते. बॅगेवर दुसरी बॅग पडली की पोट जागच्या जागी राहतं, मानेवर सगळा भार येतो आणि ती खांद्यापाशी कडकन जाते. म्हणून आधी मानेभोवती एक मोजा गुंडाळा, मग दुसरा, मग लागला तर तिसरा, मान पोटाइतकी जाड होईपर्यंत. डोळे मिटून बाटलीवरून हात फिरवला तर लाटण्यासारखी एकसारखी लागली पाहिजे. कुठे मान संपली आणि पोट सुरू झालं ते हाताला कळता कामा नये.

त्यावर संपूर्ण बाटली एका लांब जाड मोज्यात सारा. मोजा मान झाकेपर्यंत पुरत नसेल तर वरून दुसरा उलटा चढवा. तळाशी एक डायपर दुमडून ठेवा, एक खांद्याभोवती. आता हे सगळं झिपलॉकमध्ये घालून आतली हवा दाबून काढा आणि बंद करा. क्रम असाच ठेवा, काचेला लागून कापड आणि मग प्लास्टिक. उलटं केलं तर फुटलेली काच आधी प्लास्टिकच फाडते आणि पिशवीचा उपयोगच संपतो. कापड आत असलं की ते काच धरून ठेवतं, डायपर दारू पितो आणि पिशवी उरलेलं अडवते.

लेबल जपायचं असेल, म्हणजे बाटली कुणाला भेट द्यायची असेल, तर मोज्याच्या आधी पोटाभोवती क्लिंग फिल्मचा एक वेढा. टेप मात्र लेबलवर कधीच नाही.

झिपलॉकवर बबल रॅपचे तीन वेढे, फुगे आतल्या बाजूला. तळाशी दुमडून दुहेरी करा, कारण बॅग उभी आदळते तेव्हा पहिला मार तळाच्या कडेला बसतो. वरून टेपचे दोन पट्टे आणि दुसरी झिपलॉक. झाली एक.

व्हिस्की पत्र्याच्या किंवा पुठ्ठ्याच्या नळकांड्यात आली असेल तर ते हलवून बघा. आत बाटली खुळखुळत असेल तर ते संरक्षण नाही, ती घंटा आहे. तळाशी, वर आणि बाजूला कागद किंवा मोजे ठासून भरा, तेव्हा कुठे त्याचा फायदा होतो. ते चेपण्यापासून वाचवतं, धक्क्यापासून नाही, म्हणून बबल रॅप तरीही लागेल. चौकोनी भेटखोका असेल तर मी तो उलगडून, चपटा करून बॅगेच्या पाठीला लावतो आणि घरी परत घडी घालतो.

कॅनचं थोडक्यात : प्रत्येक कॅन नाही, पण दर दोन कॅनला एक झिपलॉक, आणि कोपऱ्यांपासून, बक्कलांपासून, चार्जरच्या पिनांपासून लांब. काच फुटते तेव्हा कळतं, कॅनला टाचणीएवढं छिद्र पडलं तर तो घरापर्यंत हळूहळू रिकामा होत येतो.

सुटकेस भरणं

बॅग उघडी करून आडवी ठेवा आणि तळावरून हात फिरवा. ओढायच्या दांड्याच्या दोन सळ्या आतून उंचवट्यासारख्या लागतील. बाटली या उंचवट्यावर टेकता कामा नये. वर वजन आलं की ती बाटली ऐरणीवर ठेवल्यासारखी होते. सळ्यांच्या मधल्या आणि बाजूच्या खळग्यांत टी-शर्ट गुंडाळून भरा, तळ सपाट करा, मग त्यावर जीन्स, जॅकेट असं काहीतरी जाड पसरा. सगळ्या बाजूंनी बाटली आणि बॅगेची भिंत यांत किमान चार बोटं जाड कपडे हवेत.

बाटल्या मधोमध, आडव्या, एकीची मान दुसरीच्या तळाकडे अशा उलटसुलट. बॅग उभी असताना खाली येणाऱ्या चाकांच्या बाजूला थोड्या झुकत्या ठेवल्या तर बॅग पुढे कोलमडत नाही, पण चाकांना चिकटून नको. दोन बाटल्यांच्या मध्ये नुसता बबल रॅप पुरेसा मानू नका, एक घडी घातलेला शर्ट हवाच. बूट बाजूंना भिंतीसारखे उभे करा, टाचा बाहेरच्या दिशेने. बुटांच्या आतही मोजे भरा, नाहीतर ते चेपतात आणि त्यांनी चेपून मोकळी केलेली जागा बाटलीला मिळते.

मग उरलेल्या सगळ्या फटी भरा. कपडे कमी असतील तर हॉटेलमधली वर्तमानपत्रं, खरेदीच्या कागदी पिशव्या, काहीही चुरगाळून. बॅगेचा वरचा अर्धा भाग रिकामा राहत असेल तर बॅग मोठी आहे. छोटी घ्या नाहीतर आतले पट्टे आवळा.

कठीण कवचाची बॅग की कापडी, यावर लोक तावातावाने बोलतात. कठीण बॅग टोकदार मार अडवते पण तिचं कवच वजनाखाली आत लवतं. कापडी बॅग भरल्यावर घट्ट होते. दोन्ही चालतात. अर्धी रिकामी कुठलीच चालत नाही.

बॅग बंद करून उभी करा, आडवी करा, उलटी करा, मग दोन्ही हातांनी धरून जोरात हलवा. कान लावा. किणकिण, टकटक, सरकल्याचा नुसता भास झाला तरी उघडा आणि पुन्हा भरा. मग गुडघ्याएवढ्या उंचीवरून पलंगाच्या गादीवर चाकांच्या बाजूने सोडा. हे करायला तुमचा हात धजत नसेल, तर तुमचं पॅकिंग तुम्हालाच पटलेलं नाही. विमानतळावरचे हात याहून वरून सोडतात.

वजन राहिलं. वाइनची भरलेली बाटली सव्वा किलोच्या आसपास, शॅम्पेनची काच जाड म्हणून १.६ किलोपर्यंत, ७०० मिली व्हिस्की साधारण सव्वा. सहा वाइन म्हणजे साडेसात-आठ किलो. २३ किलोच्या मर्यादेत हा मोठा वाटा आहे. आदल्या रात्री तोलून बघा. काउंटरवर वजन जास्त भरलं आणि घाईघाईत बूट, जॅकेट काढून हातात घ्यावे लागले, तर तुम्ही काढताय ती बाटलीची भिंत.

सहाच्या वर आणायच्या असतील तर सुटकेसचा नाद सोडा. वाइन विकणाऱ्यांकडे थर्माकोलच्या साच्याचे खोके मिळतात, प्रत्येक बाटलीला वेगळी खाच. तो खोका स्वतंत्र बॅग म्हणून चेक-इन करा. खाचेत बाटली हलत नाही आणि बाटलीला बाटली लागत नाही, म्हणजे आपण इतका वेळ मोज्यांनी जे करत होतो तेच.

विमानतळावर आणि नंतर

सुरक्षा तपासणीत तुमची बॅग उघडली जाऊ शकते, आणि उघडणारा माणूस तुमच्याइतक्या प्रेमाने ती परत भरणार नाही. म्हणून प्रत्येक बाटली स्वतःपुरती पूर्ण बांधलेली हवी, बाहेर काढून परत ठेवली तरी सुटणार नाही अशी. बाहेरच्या झिपलॉकमध्ये लेबल दिसेल असा बाटलीचा फोटो किंवा बिलाची प्रत ठेवली तर उलगडून बघायची गरजही कमी पडते. «नाजूक» असा स्टिकर मागून लावून घ्या, फुकट असतो. त्यावर भरवसा ठेवून एक मोजाही कमी करू नका.

उतरल्यावर बॅग ओली दिसली किंवा वास आला तर विमानतळ सोडायच्या आधी विमान कंपनीच्या बॅगेज काउंटरवर नोंद करा आणि फोटो काढा. आंतरराष्ट्रीय प्रवासात बॅगेच्या नुकसानीची लेखी तक्रार बॅग मिळाल्यापासून ७ दिवसांत करावी लागते, विमान कंपन्यांची जबाबदारी ठरवणाऱ्या माँट्रियल करारात तशी मुदत आहे. बॅग फुटली असेल तर दाव्याला अर्थ असतो. आतली काच आतल्या आत फुटली असेल तर कंपनी तुमच्या पॅकिंगकडे बोट दाखवते. माझ्या शर्टाचे पैसे मला मिळाले नाहीत.

घरी बॅग मोरीत किंवा बाथरूममध्ये उघडा, गालिच्यावर नको. आधी हात खुपसू नका, वरचे कपडे एकेक करून उचला. फुटली असेल तर मोजा उलटा झटकू नका, पिशवीसकट टाकून द्या, काचेचा चुरा धुण्यातून जात नाही. रेड वाइनचा डाग लगेच थंड पाण्याखाली धरा, चोळू नका, मीठ दाबून ठेवा. गरम पाणी लावलं की तो डाग तुमचाच झाला.

आणि बाटल्या शाबूत आल्या असतील तर लगेच बूच काढू नका. शॅम्पेन एक दिवस उभी ठेवा आणि पूर्ण थंड झाल्यावरच जाळी सोडा, प्रवासात हललेली गरम बाटली उघडली तर अर्धी छताला लागते. जुनी, गाळ असलेली वाइन आठवडाभर उभी राहिली की गाळ तळाशी बसतो. व्हिस्की, रमसारख्या कडक दारवांच्या बाटल्या आडव्या ठेवू नका, त्यांच्यातला अल्कोहोल बूच खातो. काळी टेप दुमडलेल्या टोकापासून ओढा, एका दमात निघते.